मशीनरूममध्ये कोण होतं?

देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्यांना सगळे साक्षीकाका म्हणत. खरं नाव सभासदांच्या रजिस्टरात होतं, पण काका देवळाचे पंच म्हणून निवडून येत, तेवढ्यापुरतंच ते बाहेर यायचं. रविवारच्या उपासनेत गीत झालं, शास्त्राचं वाचन झालं, की पाळक विचारत, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" साक्ष द्यायची म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांसमोर उभं राहून सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असे, कुणाला नोकरी लागलेली असे. कुणीच उठलं नाही, तर माना आपसूक डावीकडच्या तिसऱ्या बाकाकडे वळत. मग काका गुडघ्यांवर हात दाबून उठत.

त्यांची साक्ष सगळ्यांना तोंडपाठ होती. काका लिफ्टचे मेकॅनिक. बावीस वर्षांपूर्वी एका अकरा मजली इमारतीत ते लिफ्टच्या टपावर बसून रुळांना ग्रीस लावत होते. अचानक लिफ्ट वर निघाली. टपावर माणूस, डोक्यावर काँक्रीटचं छत, आणि मधली जागा कमी कमी होत चाललेली. काका धडपडून पालथे पडले, त्यात दोन बरगड्या मोडल्या. ते ओरडले, "प्रभू, धाव!" आणि लिफ्ट थांबली.

इथे काका दोन क्षण गप्प राहत आणि विचारत, "कुणी थांबवली?" पुढच्या बाकांवरची पोरं पुटपुटत, "आपोआप थांबली!" त्यांचे आईबाप त्यांना कोपराने ढोसत. ज्यांची स्मरणशक्ती चांगली होती, त्यांना एवढं मात्र आठवत होतं, की सुरुवातीच्या वर्षांत काकांची पाठ आणि छत यांच्यात हातभर जागा उरली होती. पुढे ती वीतभर झाली आणि अलीकडे चार बोटांवर आली होती. पण देवाच्या कृपेला फूटपट्टी लावायला कोण बसलंय?

कंपनीतही काकांना मान होता. गेली नऊ वर्षं ते नव्या मेकॅनिकांना सुरक्षेचे धडे देत. लिफ्टच्या टपावर एक लाल खटका असतो. तो दाबला की लिफ्ट कुणीही बोलावली तरी जागची हलत नाही. काकांचा पहिला धडा तोच. टपावर पाय टेकायच्या आधी हात खटक्याकडे गेला पाहिजे. ज्याचा जात नसे, त्याला काका सगळ्यांदेखत असं काही झापत की बिचारा घरचं दार उघडतानाही खटका शोधत असेल. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

देवळाला त्या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होत होती. स्मरणिका काढायचं ठरलं आणि काम आलं पाळकीणबाईंकडे. पाळकीणबाई म्हणजे पाळकांच्या पत्नी. त्या शाळेत विज्ञान शिकवत, आणि हातात आलेला कुठलाही कागद लाल पेनशिवाय वाचत नसत. एका बुधवारी संध्याकाळी त्या काकांच्या घरी आल्या. काकांनी साक्ष सांगितली, नेहमीपेक्षा जरा रंगवूनच, कारण ती छापून येणार होती. बाईंनी सगळं उतरवून घेतलं आणि पेनचं टोक वहीवर टेकवून त्या म्हणाल्या, "काका, आपोआप थांबली म्हणजे नेमकी कशी थांबली? वीज गेली, की ब्रेक लागला?"

"ते कुणाला कळलंच नाही."

"कंपनीने चौकशी केली असेल ना?"

"हो, केली. म्हणजे... झाली चौकशी."

"आमच्या शाळेची लिफ्ट दुरुस्त करायला नेहमी दोघं येतात. एक टपावर असतो, एक वर मशीनरूममध्ये. त्या दिवशी मशीनरूममध्ये कोण होतं?"

बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. काकांनी हातातला कप बशीत ठेवला, तो बशीच्या काठावर बसला आणि थोडा चहा सांडला.

"होता एक जण."

"मग त्यांच्याही दोन ओळी घेऊ या. वाचणाऱ्याला बरं वाटतं. पत्ता आहे?"

"नाही हो. तो तेव्हाच कंपनी सोडून गेला." आणि मग, कुणी न विचारताच, काका जरा चढ्या आवाजात म्हणाले, "एवढं खोलात कशाला जायचं, पाळकीणबाई? देवाचा गौरव झाला म्हणजे झालं!"

बाईंनी वही मिटली. "तसं नाही, काका. देवाचा गौरव व्हायला काही झाकावं लागत असेल, तर तो गौरव दुसऱ्याच कुणाचा तरी होत असतो." मग त्या एकदम ओशाळल्या. "तुमच्याबद्दल नाही म्हणत हो मी! वर्गात बोलायची सवय. पुढच्या सोमवारी छापायला द्यायचंय, तोवर पत्ता मिळाला तर बघा."

बाई गेल्या. काकू स्वयंपाकघरातून फडकं घेऊन आल्या आणि सांडलेला चहा पुसू लागल्या.

"पत्ता नाही म्हणालात," पुसता पुसताच त्या म्हणाल्या. "मग बाजारात जाताना पुलाच्या जिन्याशी आलं, की दर वेळी आपण पलीकडच्या गल्लीने का जातो?"

काकांनी कप उचलून बशी पुसायला पुढे केली.

"मी काही विचारलं नाही आजवर. पण ती साक्ष देताना तुम्ही सगळ्या देवळाकडे बघता. माझ्याकडे एकदाही बघत नाही. काहीतरी राहतंय, एवढं कळायला मला लिफ्ट दुरुस्त करता यायला नको."

मग काकांनी काकूंना ते सांगितलं, जे ते स्वतःलाही पूर्ण वाक्यात कधी सांगत नसत.

त्या दिवशी मशीनरूममध्ये त्यांचा जोडीदार होता. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे कंपनीत त्याला सगळे दुर्बीण म्हणत. दोघं आठ वर्षं बरोबर काम करत होते. दुर्बिणीने वरून हाक मारून विचारलं होतं, "खटका केलास का रे?" खटका ग्रीसने बरबटलेल्या एका पाइपामागे होता आणि काम होतं दोन मिनिटांचं. काका म्हणाले, "केला." केला नव्हता. त्या एका शब्दावर विसंबून दुर्बिणीने वरचा विजेचा मेन स्विच चालूच ठेवला, कारण तो पाडला तर काकांच्या डोक्यावरचा दिवाही गेला असता. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं.

काकांनी देवाचा धावा केला, हे खरं. लिफ्ट थांबली, हेही खरं. ती कशी थांबली, हे त्यांना तेव्हा खरोखरच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जुने पाळक भेटायला आले, त्यांनी हकिकत ऐकली, त्यांचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, "हा चमत्कार आहे!" संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी तो सगळ्यांना सांगूनही टाकला. म्हणजे पहिले दोन दिवस ती साक्ष अगदी प्रामाणिक होती. तिसऱ्या दिवशी कंपनीचा मॅनेजर आला आणि त्याच्याकडून कळलं, की मेन दुर्बिणीने ओढला होता. जुना, उघड्या पात्यांचा मेन. ओढताना ठिणगी उडून त्याचा उजवा तळहात भाजला होता.

"आता तुम्ही एकच सांगा," मॅनेजर म्हणाला होता. "खटका केला होता का?"

काकांची नोकरी त्या उत्तरावर होती. ते म्हणाले, "केला होता."

पुढचं सगळं ओघानेच झालं. खटका केला असेल तर लिफ्ट हलली कशी? मशीनरूमच्या पॅनेलवर तार जोडून कुणीतरी खटका निकामी केला असेल तरच. आणि वर होता कोण? दुर्बीण. त्याचा हात भाजलाय, म्हणजे त्याने पॅनेलमध्ये हात घातला होता, हा तर ढळढळीत पुरावाच! ज्या हाताने काकांना वाचवलं, तोच हात त्याच्या विरुद्ध गेला. दुर्बीण म्हणत राहिला, की मी तार लावली नाही, खटका झालेलाच नव्हता. पण एक जण खाटेवर बरगड्या बांधून पडलेला, देवाचं नाव घेणारा, आणि दुसरा नुसता ओरडणारा. दुर्बिणीला कामावरून काढलं. काकांनी रजा संपवून देवळात पहिल्यांदा साक्ष दिली, तेव्हा जुने पाळक पुढच्या बाकावर बसून रडत होते. त्या म्हाताऱ्याला खोटं कसं पाडायचं? असं काका स्वतःला सांगत. पुढे ते पाळक वारले, आणि मग काकांना दुसरं कारण मिळालं. ते कारण म्हणजे देवळातल्या मावशी.

मावशींचा एकुलता एक मुलगा इमारतीच्या कामावर वरून पडून गेला होता. त्यानंतर वर्षभर मावशी दर रविवारी देवळापर्यंत यायच्या आणि आत न येता पायरीवर बसायच्या. देवावर रुसल्या होत्या, पण त्याच्या दारापासून हलायला तयार नव्हत्या. एका रविवारी उघड्या दारातून त्यांनी काकांची साक्ष ऐकली, आणि पुढच्या रविवारी त्या उठून आत येऊन बसल्या. तेव्हापासून एकही उपासना त्यांनी चुकवली नव्हती. "थांबवणारा कुणीतरी आहे, एवढं कळलं, बस," असं त्या म्हणत. काकांना वाटे, ही साक्ष काढून घेतली तर मावशी परत पायरीवर जाऊन बसतील आणि त्याचं पाप आपल्या माथी येईल. खोट्याला टेकू द्यायला माणसाला दुसऱ्याची श्रद्धाही चालते.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील, रडतील, असं काकांना वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याच्या हाताचं काय झालं?"

काकांना ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका कंपनीत गेले. नव्या लोकांसमोर उभं राहून त्यांनी लाल खटका दाखवला आणि तिथेच धडा थांबवला. "आज तुम्ही पुस्तकातूनच वाचा," असं सांगून ते खुर्चीवर बसले. त्यांना शुभ शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, वाचन आठवत होतं. दर वर्षी तो भाग काकाच वाचत, आवाज भारदस्त म्हणून. 'मीच सत्य आहे' म्हणणाऱ्या, बांधून आणलेल्या प्रभूला रोमी सुभेदार विचारतो, की सत्य म्हणजे काय, आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर निघून जातो. काकांना त्या सुभेदाराचं दर वर्षी हसू यायचं. अरे शहाण्या, सत्य तुझ्यापुढे दोन पायांवर उभं आहे आणि तू बाहेर कुठे चाललास? आता त्यांना हसू येत नव्हतं. सत्य ही आपल्या पेटीतल्या पान्यासारखी वस्तू आहे, लागेल तेव्हा काढावी, नको तेव्हा ठेवून द्यावी, असंच आपण धरून चाललो. ते जर कुणीतरी असेल, समोर उभं राहून आपल्याकडे बघणारं, तर बावीस वर्षं आपणही त्या सुभेदारासारखे बाहेर निघून जात होतो. आणि दर वेळी त्याचंच नाव घेऊन.

शुक्रवारी दुपारी काका पुलाच्या जिन्याशी गेले.

जिन्याखाली पत्र्याची टपरी होती. तीन बाजूंनी किल्ल्या लटकत होत्या आणि मध्ये किल्ल्या कापायचं यंत्र कर्कश ओरडत होतं. दुर्बीण पार पिकला होता. चष्मा मात्र तोच वाटत होता, निदान तेवढाच जाड. उजव्या हाताची दोन बोटं तळहाताकडे वळून तशीच राहिली होती, त्यामुळे तो किल्ली अंगठा आणि पहिल्या बोटात धरून पात्याला लावत होता. त्याने यंत्र बंद केलं.

"ये," तो म्हणाला. "आज पलीकडची गल्ली खणून ठेवलीय वाटतं?"

काकांनी घरून तयारी करून आणलेली सगळी वाक्यं तिथेच गळून पडली. ते म्हणाले, "मी खटका केला नव्हता."

"मला सांगतोस होय!" दुर्बीण म्हणाला. "मला ते तेव्हापासून माहीत आहे."

काका उभेच राहिले. माफी मागितली, ती कशीबशी, अडखळत. मग म्हणाले, की येत्या रविवारी देवळात सगळ्यांसमोर मी खरं काय ते सांगणार आहे.

दुर्बिणीने एक अर्धवट कापलेली किल्ली उजेडात धरून बघितली. "तुझ्या देवाला माहीत नाही का खरं काय ते?"

"आहे."

"मला कामावरून देवळातल्या लोकांनी काढलं होतं?"

"नाही."

"मग त्यांना काय सांगतोस? जिथे बोललास तिथे जाऊन बोल. मी तार लावून माणूस मारायला निघालो होतो, असं कंपनीच्या कागदावर लिहिलंय. माझी बायको तो कागद वाचून गेली रे. ती वारली तेव्हाही मी तसाच होतो, त्या कागदातला." इतका वेळ त्याचा आवाज नेहमीचा होता, तो या वाक्याला चिरकला. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत चढवला.

काकांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. मग त्यांनी विचारलं, "माझी हाक ऐकून मेन ओढलास ना?"

"कसली हाक? मी तिथे नव्हतोच. चहाला निघालो होतो, दोन मजले खाली पोचलोही होतो. जिन्याच्या पायऱ्या धूसर दिसायला लागल्या तेव्हा कळलं, चष्मा वरच राहिला. तो आणायला परत आलो, तर मोटर फिरतेय. मग ओढला."

"चष्मा विसरायची सवय होती का तुला?"

"मला? नाकावरून उतरतो तरी का तो कधी? त्या दिवशी भिंगावर ग्रीस उडालं होतं, ते पुसायला काढला आणि पॅनेलवर ठेवला. आयुष्यात एकदाच." दुर्बीण हसला. "महागात पडला तो चष्मा."

काका पुलावरून घरी चालत गेले. प्रभू, धाव, असं त्यांनी म्हटलं होतं, आणि त्याच्याही आधी भिंगावर ग्रीसचा एक थेंब उडाला होता. माणूस जिन्यावरून परत फिरला होता, स्वतःच्या हाताची पर्वा न करता त्याने मेन ओढला होता. देवाने केलेलं सगळं इथे होतं, हातापायांसकट. आणि आपण काय केलं? तेवढंच नेमकं गाळलं, आणि त्याच्या जागी 'आपोआप' हा शब्द ठेवला. काकांना रस्त्यातच रडू आलं. त्यांनी नाक शिंकरल्याचा बहाणा केला.

शनिवारी त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर अर्ज ठेवला. अर्ज सात ओळींचा होता. खटका केला नव्हता. जोडीदाराला आणि चौकशीत दोन्ही वेळा केला म्हणून सांगितलं. पॅनेलवर तार नव्हती. मेन ओढून जोडीदाराने माझा जीव वाचवला. तसं त्याला कंपनीने लेखी द्यावं. मॅनेजर नवा होता, काकांच्या हाताखाली शिकलेला. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"काका, पाच महिने राहिलेत. हे कशाला उकरून काढताय?"

"उकरून नाही काढत, साहेब. ते वरच पडलंय. मीच त्यावर उभा होतो."

"मला तुम्हाला शिकवण्याच्या कामावरून काढावं लागेल. वर कळवावं लागेल."

"काढा," काका म्हणाले. "ज्याने खटका केला नाही त्याने खटक्याचा धडा देऊ नये, हे बरोबरच आहे."

सोमवारपासून त्यांनी सामानाच्या कोठीत बसायचं ठरलं. त्या दिवशी घरी जाऊन ते पोटभर जेवले. काकूंनी ते बघितलं आणि आणखी वाढलं.

रविवारी पाळकांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" माना वळायच्या आधीच काका उठले. त्यांनी पहिल्यांदा काकूंकडे बघितलं. मग सगळं सांगितलं. हातभर जागा होती, चार बोटं नव्हे, हेसुद्धा सांगितलं. शेवटी "कुणी थांबवली?" असं विचारायच्या जागी आल्यावर पुढच्या बाकावरून एक पोरगी सवयीने म्हणाली, "आपोआप," आणि तिचा आवाज त्या शांततेत भलताच मोठा वाटला.

"नाही," काका म्हणाले. "माझ्या जोडीदाराने थांबवली. त्याला देवाने परत फिरवलं, असं मी मानतो. तो तसं मानत नाही. पण हात त्याचा भाजला आणि नाव मी त्याचं बुडवलं. पंच म्हणून मी राजीनामा देतो."

ते बसले. कुणी 'आमेन' म्हणालं नाही. पाळकांनी घसा साफ केला. इतक्यात मागच्या बाकावरून मावशी उठल्या, काठी टेकत दारापर्यंत गेल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

इतकी वर्षं काकांना ज्याची भीती होती, तेच झालं होतं. उरलेल्या उपासनेतलं त्यांना काही ऐकू आलं नाही. शेवटचं गीत संपताच ते बाहेर आले आणि पायरीशी उभे राहिले. मावशींनी मान वर केली. डोळे लाल झालेले, पण आवाज खणखणीत.

"एवढी वर्षं," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मी रोज तुमच्या लिफ्टसाठी देवाचे आभार मानतेय. त्या माणसासाठी एकदासुद्धा प्रार्थना केली नाही. तो आहे हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही मला करू दिली नाहीत."

"मावशी, मला वाटलं तुमचा विश्वास..."

"माझ्या विश्वासाची काळजी तुम्ही नका करू! माझा पोरगा पडला तेव्हा त्याच्याकडे कुणी धावलं होतं का, हे मी रोज देवाला विचारते. रोज. कुणीतरी धावलं असेल, एवढीच आशा आहे मला. आणि तुमच्याकडे जो धावून आला, त्याला तुम्ही पुसून टाकलंत?"

मावशींनी काठी उचलली आणि काकांपुढे हात केला. "उठवा मला. कुठे बसतो तो?"

कंपनीचं पत्र यायला तीन आठवडे लागले. तोवर पाळकीणबाईंनी स्मरणिकेचं छापणं अडवून धरलं आणि काकांची साक्ष नव्याने उतरवून घेतली. त्यात लाल पेनाने त्यांनी एकच दुरुस्ती केली, 'मोठा चमत्कार' मधला 'मोठा' काढला. पत्र हाती पडलं त्या संध्याकाळी काका ते घेऊन पुलाच्या जिन्याशी गेले. टपरीसमोरच्या स्टुलावर मावशी बसल्या होत्या. मांडीवर एक जुनं गंजकं कुलूप होतं.

"ही तुझी मावशी," दुर्बीण काकांना म्हणाला, "गेले तीन आठवडे एकाच कुलपाला किल्ल्या करून घेतेय. चार झाल्या. आणि कुलूप लावायला हिच्याकडे पेटीसुद्धा नाही म्हणे!"

काकांनी पत्र पुढे केलं. दुर्बिणीने चष्मा नीट केला आणि उभ्यानेच वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"वार चुकलाय," तो म्हणाला. "बुधवार लिहिलाय. तो मंगळवार होता."

"दुरुस्त करून आणतो."

"आण." त्याने पत्राची घडी घातली. मग ते परत न देता उलगडून पुन्हा बघितलं. "ती असती तर तिला वाचून दाखवलं असतं," तो म्हणाला.

मावशींनी हात पुढे केला. "तो हात बघू."

"काय बघायचंय त्यात?"

"आण म्हणते ना!"

त्याने उजवा हात दिला. मावशींनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, वळलेली बोटं तशीच जपून धरली, आणि तिथेच, भर बाजारात, डोळे मिटून मोठ्याने देवाचे आभार मानायला सुरुवात केली. या हाताबद्दल, या माणसाबद्दल, त्याच्या बायकोबद्दल. जिन्यावरून येणारीजाणारी माणसं थांबून बघू लागली. एक गिऱ्हाईक किल्ली पुढे करून ताटकळत उभं होतं. काकाही उभे होते. आठ वर्षं बरोबर काम करून, बावीस वर्षं त्याच्या जिवावर जगून, त्यांनी तो हात एकदाही हातात घेतला नव्हता.

"मावशी, पुरे आता," दुर्बीण हळूच म्हणाला. "गिऱ्हाईक थांबलंय."

पण हात त्याने काढून घेतला नाही.